दोन दांड्यांची गाडी

झरी जामणी तालुक्यात पहिली गाडी गरजेची आणि दुसरी शौकाची, असे लोक म्हणतात. मला हे अर्धेच पटते. पहिली गाडी पांढरकवडा, वणी, यवतमाळ करते. दवाखाना, बँक, लग्नकार्य सगळे तिच्या माथी. दुसरीचे काम डांबर संपल्यावर सुरू होते, आणि आमच्याकडे डांबर लवकर संपते. जुनी फोर बाय फोर घ्यायची म्हणून बराच काळ गाड्या पाहिल्या, मिस्त्रींशी बोललो, आरटीओचे कागद वाचले. त्या काळातली ही टिपणे.

*

गरज किती, हे आधी वहीवर मांडावे. हिवाळ्यात-उन्हाळ्यात या तालुक्यात साधी गाडीही जवळपास कुठेही जाते. मार्च-एप्रिलमध्ये पांदण रस्ते इतके वाळतात की मारुतीसुद्धा वावराच्या धुऱ्यापर्यंत पोचते. अडचण असते पहिल्या दमदार पावसापासून पऱ्हाटीला बोंडे फुटेपर्यंत. त्यातही चारही चाकांचा जोर लागतो तो रस्त्याच्या एखाद्या तुकड्यापुरता: नाल्याचा उतार, पांदणीतली दलदल, टेकडीचा चढ. एवढ्यासाठी नवी महागडी गाडी दारात उभी करणे मला परवडत नाही. म्हणून जुनी.

*

माती चार प्रकारची. शिबला-माथार्जुनच्या बाजूला टेकड्या आणि दगडगोटे. मुकुटबनकडे चुनखडी, वाट टणक असते, पण पावसात वरचा पातळ थर साबण होतो. पैनगंगेच्या काठाला वाळू. आणि या सगळ्यांच्या मध्ये, वर, खाली पसरलेली काळी माती.

खरी परीक्षा काळीच घेते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. टायरच्या नक्षीत ती भरली की खाचा दिसेनाशा होतात आणि टायर गुळगुळीत पडतो. मग लगदा चाक आणि मडगार्डच्या मध्ये साचत जातो, आणि शेवटी चाक फिरायचेच थांबते. इंजिन ओरडत असते, चाक हलत नाही. इथे दोन चाकांना जोर दिला काय नि चारांना काय, टायरने जमीन धरलीच नाही तर सगळे फुकट.

*

बंडी चिखलातून निघते आणि जीप अडकते, याचे कारण बैलांत कमी आणि चाकात जास्त आहे. बंडीचे चाक मोठे आणि अरुंद. ते वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरावर टेकते. जुन्या जीपचे टायरही अरुंद असत, ते उगाच नव्हे. आज मिरवायला म्हणून रुंद टायर बसवतात. वाळूत ते छान चालतात, काळ्या चिखलात वरच्या वर तरंगतात आणि घसरतात. जुनी गाडी पाहायला गेलो आणि टायर मडगार्डच्या बाहेर आलेले दिसले की मी मनातल्या मनात भाव खाली आणतो.

*

दोन दांड्या म्हणजे काय? मोठी दांडी नेहमीच्या गिअरची. छोटी दांडी गिअरबॉक्सच्या मागे बसवलेल्या ट्रान्सफर केसची. तिच्या जागा साधारण तीन. टू-एच: फक्त मागची चाके. फोर-एच: चारही चाके, नेहमीच्या वेगाच्या गिअरात. फोर-एल: चारही चाके आणि वेग दोन ते अडीच पट कमी, पण चाकावरचा जोर तितकाच जास्त. काही गाड्यांत दांडीऐवजी खटका असतो. काही जुन्यांत खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून लॉक करावे लागतात, आणि हे काम गाडी चिखलात बसण्याच्या आधी करायचे असते.

*

मुकुटबनकडच्या एका मिस्त्रीने सांगितलेला नियम: "सर, टू-मंदीच जा. जिथं टू-मंदी अडकली ना, तिथं छोटी दांडी टाका आन् मांगं फिरा. पुढं नका जाऊ."

छोटी दांडी बाहेर निघण्यासाठी राखून ठेवायची, आत शिरण्यासाठी वापरायची नाही. ज्याने ती आत शिरतानाच खर्च केली, त्याच्या हातात पुढे काही उरत नाही. मग ट्रॅक्टर.

*

डांबरावर फोर-एच टाकून गाडी चालवू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला कापतात. या गाड्यांत पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडला जातो, त्यामुळे तो फरक कुठेतरी निघावा लागतो. माती-मुरमावर टायर जरासा घसरून तो काढून टाकतो. डांबरावर टायर घसरत नाही, सगळा पीळ ट्रान्सफर केस, क्रॉस आणि गिअरांवर चढतो. "फोर बाय फोर नेहमी चालू ठेवायचो, गाडी रस्त्याला चिकटून चालते," असे विकणारा अभिमानाने सांगू लागला की समजावे, खर्च आपल्या नावावर लिहिलेला आहे.

*

जीप दिसली म्हणजे ती फोर बाय फोर असतेच असे नाही. वणी-पांढरकवडा भागात वर्षानुवर्षे धावलेल्या काळ्या-पिवळ्या जीपा, ट्रॅक्स, कमांडर बहुतेक दोन चाकांवरच्या. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुसंख्य बोलेरोही तशाच. जुनी थार डीआय दोन चाकांच्या रूपातही विकली गेली, आणि नव्या थारची तशी आवृत्ती २०२३ पासून आहे. मागे 'फोर बाय फोर' असे स्टिकर चिकटवायला पाच मिनिटे लागतात. खाली वाकून पाहावे: पुढच्या अ‍ॅक्सलला मध्ये गोळा आहे का, आणि त्याच्याकडे जाणारा शाफ्ट आहे का. नसेल तर बोलणे तिथेच संपवावे.

*

थोडा वंश. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत १९४१ पासून विलीज आणि फोर्ड यांनी जीप बनवली. १९४५ मध्ये स्थापन झालेली महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी फाळणीनंतर, १९४८ मध्ये, महिंद्र अँड महिंद्र झाली. विलीजच्या जीपची जुळणी तिनेच मुंबईत सुरू केली. ऐंशीच्या दशकात प्यूजो डिझेल इंजिनाची एमएम ५४० आली. १९८५ च्या डिसेंबरात मारुतीची जिप्सी आली. ती सैन्याने घेतली, पोलिसांनी घेतली, जंगल सफारीवाल्यांनी घेतली, आणि २०१९ च्या सुमारास ती बंद झाली. २०१० मध्ये नाशिकची थार आली. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा तिच्या मागोमाग. २०२० च्या २ ऑक्टोबरला थारचे नवे रूप, २०२३ च्या जूनमध्ये पाच दारांची जिम्नी. जुन्या बाजारात फिरताना हीच नावे कानावर पडत राहतात. वर कधी एखादी सफारी, स्कॉर्पिओ, डस्टर किंवा पजेरो.

*

जिप्सी की थार? इथल्या कट्ट्यावर या वादाचा निकाल कधी लागत नाही.

जिप्सी साधारण एक टनाची. काळ्या मातीत हलकी गाडी हा मोठा गुण: कमी रुतते, आणि रुतलीच तर चौघे मिळून ढकलतात. पेट्रोल, साधे इंजिन, चारही बाजूंना पाटे. मिस्त्रीला कॉम्प्युटर लावावा लागत नाही, निदान जुन्या कार्बोरेटरवाल्या जिप्सीला तरी नाही. मात्र बसणाऱ्याची कंबर ढिली होते, आणि लिटरला दहा-अकराच्या पुढे अपेक्षा ठेवू नये.

जुनी थार पावणेदोन टनांच्या आसपास. अडीच लिटरचे डिझेल, खालच्या वेगातही भरपूर ओढ. चढाला आणि ओढायला ती बरी. पण रुतली की चौघांनी भागत नाही. मागची सीट समोरासमोर बाकांसारखी, आई बसल्या बसल्या म्हणाली, "हे तर बाजाराच्या जीपीसारखं झालं बाबू." एअरबॅग नाहीत. चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गावर लेकरांना घेऊन नागपूर गाठायला ही गाडी नाही, त्यासाठी पहिली आहे.

गुरखाच्या काही आवृत्त्यांत पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक मिळते. एक चाक हवेत असताना दुसऱ्याला जोर पोचवणारी ही सोय आमच्या नाल्यांत फार कामाची. पण इथल्या जुन्या बाजारात गुरखा क्वचितच येते.

*

जुनी फोर बाय फोर कुठून येते, हे तिच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे.

खाणीतून. वणी परिसर कोळशाचा, मुकुटबन चुनखडीचा. खाणीतल्या कामाला कंत्राटदार बोलेरो कॅम्परच्या फोर बाय फोर लावतात. किलोमीटर कमी दाखवतात, पण तो प्रत्येक किलोमीटर खड्ड्यातला, धुळीतला आणि ओव्हरलोडचा असतो. चेसिसला तडे पाहायचे तर इथे.

दिल्लीतून. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीला बंदीचा आदेश हरित लवादाने २०१५ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला. तेव्हापासून तिकडच्या चांगल्या स्थितीतल्या डिझेल गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत उतरतात. भाव मोहात पाडणारा असतो. पण महाराष्ट्राचा कर, नवा नंबर, चकरा, हे सगळे जोडून मगच बेरीज करावी.

सैन्यातून. लिलावात निघालेली जिप्सी. सैन्याच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो. आधी विचारावे, साध्या नंबरावर तिची नोंदणी झाली आहे का? "होऊन जाईल" हे उत्तर नव्हे.

पुरातून. सांगली-कोल्हापूरला २०१९ मध्ये, चिपळूणला २०२१ मध्ये पूर आला, हजारो गाड्या पाण्यात गेल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून, रंगवून दूरच्या जिल्ह्यात विकणारे लोक असतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला मातीची रेघ सापडली तर आणखी काही पाहण्याची गरज नाही.

*

गाडी खालून कशी पाहतात, ते मी मुकुटबनकडच्या त्याच मिस्त्रीच्या खड्ड्यात उतरून पाहिले.

सुरुवातीला त्याने बॉनेटला हात लावला नाही. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात छोटी हातोडी. चेसिसच्या दोन्ही लांब दांड्यांवर वीतभर अंतराने टिचक्या मारत पुढून मागे गेला. आवाज टणटण येत होता. मागच्या पाट्याच्या हँगरजवळ तो बदबद आला. तिथे त्याने स्क्रूड्रायव्हरचे टोक घासले. काळ्या रंगाची खपली निघाली, खाली वेल्डिंगची ताजी रेघ. "इथून मोडली होती. जोडली हाय. भार पडला का बाजूले तुटीन." मग शाफ्ट हाताने आडवा हलवून क्रॉसची ढील पाहिली. पुढच्या गोळ्याचा बोल्ट सैल करून ऑइलचा थेंब बोटावर घेतला, तो दुधाळ होता. म्हणजे नाल्यातले पाणी आत गेलेले आणि कुणी ते बदललेले नाही. पुढच्या चाकाच्या मागे, जिथे अ‍ॅक्सल वळतो तिथे, ग्रीस बाहेर ओघळलेले.

वर येऊन त्याने खिशातले लोहचुंबक काढून दाराच्या खालच्या कडेला लावले. ते चिकटले नाही. आत लांबी भरलेली. शेवटी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण उघडले. धुराचे भपके आले.

एवढे होईपर्यंत गाडीवाला बाजूच्या टपरीवर चहा घेत होता. मिस्त्रीने मला एवढेच विचारले, "सांगू का तुमीच सांगता?"

*

छोटी दांडी चालते का, हे तपासायला जंगलात जावे लागत नाही. मुरमाचे सपाट मैदान पुरते. गाडी उभी करून फोर-एच टाकावे, स्टेअरिंग पूर्ण वळवावे आणि अगदी सावकाश पुढे घ्यावी. पुढची चाके अडखळत, कुरकुरत वळली तर जोर पुढे पोचतो आहे. गाडी एरवीसारखीच गुळगुळीत वळली तर कुठेतरी तुटलेले आहे. मग एखाद्या धुऱ्यासमोर गाडी थांबवून, न्यूट्रल करून फोर-एल. पहिल्या गिअरात क्लच सोडावा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नये. गाडी स्वतःच्या बळावर धुऱ्यावर चढली पाहिजे. चढताना दांडी सटकून न्यूट्रलला आली तर किंमत कमी करू नका, गाडी सोडा.

बऱ्याच गाड्यांत दांडी वापराविना जाम झालेली असते. विकणारा म्हणतो, "आम्हाला कधी गरजच नाही पडली." हे खरेही असते. पण जाम का झाली ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडायचा खर्च घेणाऱ्याचा.

*

कागद. हे टिपण कंटाळवाणे आहे, पण सगळ्यांत जास्त पैसे इथेच बुडतात.

आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतः जुळवावा. चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटते. एजंट हेच करतो, आपणही करावे. आकडे वेडेवाकडे, कमी-जास्त खोल दिसले तर पाय मागे. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून विमा, एचपी (म्हणजे कर्जाचा बोजा) आणि चलान पाहावे. एचपी चढलेली असेल तर बँकेचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. गाडी दुसऱ्या जिल्ह्याची किंवा राज्याची असेल तर २८ नंबरची एनओसी. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत.

विम्याची गोष्ट लोक लक्षात घेत नाहीत. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा मात्र आपोआप येत नाही, कंपनीला कळवून नावावर करून घ्यावा लागतो. व्यवहारानंतर पहिल्याच पावसात गाडी नाल्यात गेली तर हा फरक समजतो.

गाडी १५ वर्षांची झाली की पासिंग नव्याने, आणि पुढे दर ५ वर्षांनी. त्यासोबत पर्यावरण कर. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का, याचे उत्तर पुष्कळदा यातच असते.

*

विकणाऱ्यांसाठीही एक ओळ. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तो. गाडी त्याने कधी, कुणाला विकली हे बघितले जाणार नाही. आमच्याकडे सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी तीन-चार हात फिरते आणि पहिल्या मालकाला पत्ताही नसतो.

*

लिफ्ट किट, रुंद टायर, छतावर दिव्यांची रांग, पुढे लोखंडी गार्ड. शहरातून येणाऱ्या जुन्या थारवर हा साज असतोच, आणि विकणारा त्याचे वेगळे पैसे मागतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर फेरफार चालत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. दंड प्रत्येक फेरफारामागे पाच हजार. पुढच्या गार्डला तर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच मनाई केली. धडकेत तो पायी चालणाऱ्याला जास्त मारतो, शिवाय धक्का थेट चेसिसवर जातो आणि एअरबॅग असल्यास ती वेळेवर उघडेल याचा भरवसा राहत नाही.

मी साज नसलेली, शेतकऱ्याने किंवा डॉक्टरने वापरलेली, जशी कंपनीतून आली तशी गाडी शोधतो. दिसायला कंटाळवाणी असते. पण तिच्यात कुणी वायरी कापलेल्या नसतात.

*

पंचवीस-तीस पाउंड हवेचा टायर वाळूत किंवा मऊ मातीत अठरा-वीसवर आणला की तो पसरतो आणि जमीन धरतो. पैनगंगेच्या वाळूत याने चमत्कार वाटावा इतका फरक पडतो. पण डांबर लागण्याआधी हवा परत भरली पाहिजे, नाहीतर टायर तापून फाटतो. म्हणून गाडीत पंप आणि गेज असावे. नदीपात्राबद्दल आणखी एक: रेतीघाटाजवळ रात्री मोठ्या टायरची गाडी दिसली आणि महसूलच्या पथकाने रेतीचोरीच्या संशयाने थांबवून विचारपूस केली, तर रागावू नये. त्यांचे कामच ते.

*

टोचन, म्हणजे अडकलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून काढणे. दोर नायलॉनचा, मजबूत. गाठ न मारता डी-शॅकलने अडकवलेला. हुक फक्त चेसिसवरच्या कड्याला. बंपरला, पाट्याला, शाफ्टला कधीच नाही. ताणलेल्या दोराच्या रेषेत एकही माणूस उभा नको, आणि बघ्यांना लांब करणे हे चालकाचे पहिले काम. तुटलेले लोखंडी कडे गोळीसारखे सुटते. आमच्याकडे गाडी अडकली की अख्खे गाव मदतीला येते, आणि अर्धे गाव दोराजवळच उभे राहते.

*

रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. २०२१ च्या सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यात, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुराच्या पाण्यातून एसटी बस घातली गेली आणि वाहून गेली; प्रवासी दगावले. एवढी वजनदार बस. वाहते पाणी फूटभर झाले तरी लहान गाडी उचलली जाते, दोन फुटांना मोठ्या गाडीचाही भरवसा नाही. चारही चाकांचा जोर जमिनीवर टेकलेल्या चाकांपुरताच. रपट्याचे दगड दिसेनासे झाले की इंजिन बंद करून बाजूला बसावे. आमचे नाले डोंगरी नाल्यांसारखे, चढतात लवकर तसे उतरतातही लवकर.

*

फोर बाय फोर घेतली म्हणजे जंगल आपले झाले, असा एक समज असतो. तिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४९ चौरस किलोमीटरचे. परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि ठरलेला रस्ता सोडून कुठेही जाता येत नाही, मग गाडीला चार चाकांचा जोर असो की आठ. पण इथले वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. तिपेश्वरचा एक वाघ, ज्याला पुढे लोक 'वॉकर' म्हणू लागले, २०१९ मध्ये तेलंगण आणि महाराष्ट्रातले जिल्हे ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगापर्यंत गेला. तो गेला तो अशाच वावरांतून, नाल्यांतून, पांदणींतून. रात्री दिवे पेटवून नाल्यात 'ट्रायल' घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरे, पेरणीनंतर कुणाच्या वावरात चाक घालू नये. ओल्या काळ्या मातीवरून एक गाडी गेली की तो पट्टा दबतो, पाणी मुरत नाही, आणि त्या ओळीतली पऱ्हाटी वर्षभर खुरटी राहते. शहरातून आलेल्याला तो पडीक माळ वाटतो. ते कुणाचे तरी कर्ज असते.

*

जायचे कुठे? जवळच्या जवळ, पावसाळ्यात शिबल्याच्या टेकड्या, पैनगंगेचा काठ. थोडे लांब, उमरखेडच्या बाजूचे पैनगंगा अभयारण्य आणि सहस्रकुंड. सीमा ओलांडली की आदिलाबाद जिल्ह्यातला कुंतला धबधबा आणि पुढे कवल व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. यांपैकी बहुतेक ठिकाणी आज डांबरी रस्ता जातो. खरे सांगायचे तर फोर बाय फोर लागते ती मुक्कामाच्या जागेपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला, आणि रात्री पाऊस झाला तर सकाळी परत निघायला.

*

गावात अशी गाडी आली की ती एकट्याची राहत नाही. पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, फोन येतो: १०८ ची रुग्णवाहिका डांबरावर थांबली आहे, बाई पोडात आहे, मध्ये नाला. जावे लागते. जावेच. कोलाम पोडांपर्यंतचे कित्येक रस्ते आजही पावसात असेच तुटतात. म्हणून गाडी निवडताना मी मागच्या बाकावर माणूस आडवा निजू शकतो का, हे पाहतो. मात्र पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीवर भाड्याचे पैसे घेऊ नयेत, डिझेलचेही नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

*

उभी गाडी खर्च करते. विमा, पीयूसी, बॅटरी, टायर; गाडी हलो न हलो. पावसाळ्यात उंदीर वायरिंग खातात. आठवड्यातून एकदा गाडी फिरवावी, महिन्यातून एकदा मातीवर छोटी दांडी टाकून थोडे चालवावे म्हणजे आतले ऑइल फिरते. चिखलातून आल्यावर खालून धुणे वरून धुण्यापेक्षा महत्त्वाचे. चेसिसच्या पोकळीत माती राहिली की ती ओल धरते आणि आतून गंज चढतो.

*

पार्ट. मोठ्या शहरात हा प्रश्न कुणी विचारत नाही, आमच्याकडे तो पहिला. बोलेरो-थारचे बरेचसे पार्ट पांढरकवड्यात किंवा वणीत मिळतात. नसला तर नागपूरहून दुकानदार ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकतो, आपण पांढरकवड्याच्या चौकात उभे राहून उतरवून घ्यायचा. जिप्सीचे अजून मिळतात, शोधावे लागतात. परदेशी नावाच्या जुन्या गाडीचा सेन्सर गेला की ती पंधरवडाभर झाडाखाली उभी. असली गाडी कितीही स्वस्त मिळो, झरी जामणीत ती महागच.

*

कुणी विचारलेच तर माझे मत सरळ आहे. आधी कागद, मग चेसिस, मग छोटी दांडी, मग टायर, मग इंजिन, आणि सर्वांत शेवटी रंग. इंजिन बांधून मिळते. मोडलेले चेसिस आणि खोटा नंबर दुरुस्त होत नाही. किमतीच्या वर पाचवा हिस्सा रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवा. ती नसेल तर थांबा, दुसरी गाडी पळून जात नाही. पाहायला जाताना मित्र नको, मिस्त्री न्या, आणि गाडी घेतली नाही तरी त्याचे पैसे द्या. आणि व्यवहार झाला की चावीबरोबर तारीख, वेळ टाकलेली पावती घ्या, महिन्याच्या आत यवतमाळला जाऊन आरसीवर नाव लावून घ्या, आणि तोवर तिला नाल्यात घालू नका.